नकाराचीही नोंद ठेवा: पारदर्शकतेवर संशोधन करणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

पारदर्शकता हा विषय घेऊन एम.ए., एलएल.एम. किंवा पीएच.डी. करायला निघालेल्या विद्यार्थ्याची अडचण बहुधा एकच असते. वाचायला भरपूर मिळते, पण तपासायचे नेमके काय ते ठरत नाही. मग कायद्याच्या कलमांची उजळणी, विचारवंतांची अवतरणे आणि शेवटी चार शिफारशी एवढ्यावर प्रबंध उरकतो. विषय इतका जिवंत असताना असे होणे वाईट आहे.

संस्था स्वतःबद्दल काय सांगते ते तिच्या संकेतस्थळावर असतेच. संशोधकाने पाहायचे ते वेगळे: मागितल्यावर ती काय देते, किती दिवसांनी देते, आणि देत नसेल तर कोणते कारण लिहून देते. नकाराचे पत्र हाती आले की अनेकांना वाटते, काम अडले. खरे तर तेव्हा तुमच्या हातात एक सही-शिक्क्याचा पुरावा आलेला असतो. हा सगळा लेख त्याच भरवशावर उभा आहे.

आधी एक प्रकरण नीट वाचा

सुरुवात पुस्तकापासून करू नका, एका प्रकरणापासून करा. माझी शिफारस पश्चिम घाटाच्या अहवालाची आहे, कारण त्यात विज्ञान, कायदा आणि सरकार तिन्ही एका जागी भेटतात.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१० मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समिती नेमली. समितीने ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल दिला. सहा राज्यांतले १४२ तालुके त्याच्या कक्षेत येत होते, आणि आपल्याकडचे सिंधुदुर्ग, रत्नागिरी हे जिल्हेही. अहवाल मात्र मंत्रालयातच राहिला. केरळमधल्या एका नागरिकाने तो माहिती अधिकारात मागितला, तेव्हा मंत्रालयाने सांगितले की अहवाल अजून अंतिम नाही, आणि कलम ८(१)(ए) पुढे केले. राष्ट्राच्या वैज्ञानिक आणि आर्थिक हिताला बाधा येईल अशी माहिती रोखण्याची मुभा देणारे हे कलम. प्रकरण केंद्रीय माहिती आयोगात गेले. मुंबईचे शैलेश गांधी तेव्हा माहिती आयुक्त होते. त्यांनी ९ एप्रिल २०१२ रोजी अहवाल उघड करण्याचा आदेश दिला. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि १७ मे २०१२ रोजी न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. त्याच महिन्यात अहवाल लोकांसमोर आला.

आता हे संशोधकाच्या नजरेने पाहा. अहवालात काय आहे हा एक प्रश्न झाला. तो सुमारे नऊ महिने का दिसला नाही, कोणत्या कलमाच्या आधाराने दिसला नाही, आणि तो आधार दोन ठिकाणी का टिकला नाही हा दुसरा. पारदर्शकतेचा अभ्यास म्हणजे हा दुसरा प्रश्न. आयोगाचा आदेश आणि उच्च न्यायालयाचा निकाल ही दोन्ही कागदपत्रे मिळवा, शेजारी शेजारी ठेवून वाचा. मंत्रालयाचा युक्तिवाद, अर्जदाराचा युक्तिवाद, निर्णयाचे कारण असे तीन रकाने करा. असे एक प्रकरण हाताखालून गेले की पुढची वाट बरीच सोपी होते.

प्रश्न लहान करा

“महाराष्ट्रातील प्रशासकीय पारदर्शकता: एक अभ्यास” हे शीर्षक मार्गदर्शकांना आवडेल, पण त्यावर काम करता येणार नाही. प्रश्नात कार्यालय हवे, कागद हवा आणि काळ हवा. उदाहरणार्थ: “२०१९ ते २०२४ या काळात कोकणातील प्रकल्पांच्या पर्यावरणविषयक जनसुनावण्यांचे कागद स्थानिक लोकांपर्यंत कायद्याने ठरवलेल्या मुदतीत आणि मराठीत पोचले का?” या प्रश्नाचे उत्तर हो, नाही किंवा अर्धवट असे येऊ शकते, आणि प्रत्येक उत्तरामागे कागद दाखवता येतो.

पाहायचे कोणत्या दिशेने हेही ठरवा. अभ्यासक डेव्हिड हील्ड यांनी पारदर्शकतेच्या चार दिशा सांगितल्या आहेत: वरच्याला खालचा दिसणे, खालच्याला वरचा दिसणे, आतल्याला बाहेरचे दिसणे आणि बाहेरच्याला आतले दिसणे. कर्मचाऱ्यांची बायोमेट्रिक हजेरी आणि ग्रामसभेत वाचला जाणारा जमाखर्च या दोन्हींना आपण पारदर्शकताच म्हणतो, पण एकीत साहेबाला कारकून दिसतो आणि दुसरीत गावाला सरपंच. जोनाथन फॉक्स यांचा इशाराही लक्षात असू द्या: माहिती उघड झाली म्हणजे उत्तरदायित्व आपोआप येतेच असे नाही. तत्त्वज्ञ ओनोरा ओनील तर २००२ पासून सांगत आहेत की जास्त उघडपणाने विश्वास वाढतोच असे गृहीत धरू नका. सिद्धांताच्या प्रकरणात या तिघांना जागा द्या आणि पुढे सरका. पन्नास पाने त्यात घालवू नका.

विषय नक्की करण्याआधी शोधगंगेवर एक फेरी मारा. विद्यापीठांचे प्रबंध तिथे मोफत वाचता येतात. तुमच्या विषयावर आधी कोणी काम केले असेल तर त्याची प्रश्नावली आणि परिशिष्टे पाहा, निष्कर्षांपेक्षा तिथेच जास्त शिकायला मिळते.

कागद कुठे जन्मतो ते शोधा

माहिती अधिकारात अपयश येते ते बहुतेक वेळा चुकीच्या कागदाची मागणी केल्यामुळे. कार्यालयाकडे “माहिती” नावाची वस्तू नसते. तिथे नस्ती म्हणजे फाइल असते, आवक-जावक नोंदवही असते, इतिवृत्त असते, मोजमाप पुस्तिका असते, देयके असतात. आपल्याला हवे असलेले यातल्या कशात सापडेल हे आधी शोधावे लागते.

मंत्रालयातली एक नस्ती डोळ्यांसमोर आणा. तिचे दोन भाग असतात. एकात टिप्पण्या, दुसऱ्यात पत्रव्यवहार. टिप्पणी सहायक कक्ष अधिकाऱ्याकडून सुरू होते आणि कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशी वर चढते. प्रत्येक टप्प्यावर सही आणि तारीख पडते. कोणी “सहमत” एवढेच लिहून पुढे पाठवतो, कोणी दोन परिच्छेदांचा विरोध नोंदवतो, कोणी “चर्चा करावी” असे लिहून खाली परत पाठवतो. ही चढ-उतार म्हणजे निर्णय कसा झाला त्याचा नकाशा. शासन निर्णयात यातले काहीच दिसत नाही, तिथे फक्त निष्कर्ष असतो. म्हणून “अमुक निर्णयाची माहिती द्या” असे न लिहिता “शासन निर्णय क्रमांक अमुक, दिनांक अमुक, ज्या नस्तीवरून निर्गमित झाला त्या नस्तीतील टिप्पणी विभागाच्या सर्व पृष्ठांच्या प्रती” असे लिहा. शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतात, त्यावरचा क्रमांक तुमच्या अर्जात उतरवून घ्या.

प्रश्न विचारू नका, कागद मागा. हा नियम पाठच करून ठेवा. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये डॉ. सेल्सा पिंटो यांच्या प्रकरणात स्पष्ट केले की “का” या प्रश्नाचे उत्तर माहितीच्या व्याख्येत बसत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात, आदित्य बंदोपाध्याय यांच्या खटल्यात, उत्तरपत्रिका दाखवायला लावल्या, पण हेही म्हटले की अस्तित्वात नसलेली माहिती तयार करून देण्याचे बंधन कार्यालयावर नाही. त्यामुळे “रस्त्याला उशीर का झाला?” यावर “आपला अर्ज प्रश्नार्थक स्वरूपाचा आहे” असे छापील उत्तर येते. “कंत्राटदाराला मुदतवाढ देण्यासाठी सादर झालेले सर्व प्रस्ताव आणि त्यांवरील टिप्पण्या” मागितल्या की “का” चे उत्तर त्या कागदांतून मिळते.

जे आधीच उघड आहे ते आधी गोळा करा

माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सतरा प्रकारची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे: अधिकाऱ्यांची कर्तव्ये, निर्णय घेण्याची कार्यपद्धती, अंदाजपत्रक, अनुदानाचे लाभार्थी, वगैरे. कायदा लागू झाल्यापासून १२० दिवसांत हे व्हायचे होते. आज तुमच्या तालुक्यातल्या कार्यालयांची कलम ४ ची पाने उघडून पाहा. शेवटचे अद्ययावत केव्हा केले ती तारीख, प्रसिद्ध झालेल्या बाबी, भाषा आणि पान उघडते की नाही हे नोंदवले तरी एक चांगले छोटे संशोधन होते. एम.ए.च्या लघुप्रबंधाला ते पुरेसे आहे, आणि यासाठी एकही अर्ज करावा लागत नाही.

पर्यावरण मंजुरीचे प्रस्ताव आणि इतिवृत्ते परिवेश या केंद्रीय पोर्टलवर असतात. वैद्यकीय चाचण्यांची नोंद २००७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय क्लिनिकल ट्रायल्स नोंदवहीत मिळते. न्यायालयांची आकडेवारी राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर आणि नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे (कॅग) अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर असतात. पान उतरवून घेताना दिनांकासह स्क्रीनशॉट ठेवा, कारण सरकारी पाने हलतात आणि कधी नाहीशी होतात.

अर्ज कसा लिहायचा

राज्याच्या कार्यालयांसाठी महाराष्ट्राचे नियम, केंद्राच्या कार्यालयांसाठी केंद्राचे. महाराष्ट्रात जोडपत्र ‘अ’ मध्ये अर्ज करायचा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. केंद्राच्या नियमांत ही मर्यादा ५०० शब्दांची आहे. छायाप्रतीला पानामागे २ रुपये पडतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. राज्याचे आणि केंद्राचे ऑनलाइन पोर्टलही आहे. संशोधनासाठी मला ते जास्त पसंत आहे, कारण प्रत्येक टप्प्याची तारीख तिथे आपोआप राहते.

अर्ज नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने करा, महाविद्यालयाच्या लेटरहेडवर नको. कायद्याने हा हक्क नागरिकाला दिला आहे, संस्थेला नाही. परदेशात शिकणाऱ्या भारतीय नागरिकालाही तो आहे, ओसीआय कार्डधारकाला (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला) नाही. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे बंधन कलम ६(२) प्रमाणे तुमच्यावर नाही. तरी मी संशोधकाला सांगेन की कोणी विचारले तर सरळ सांगा. लपवण्यासारखे काही नसते, आणि पुष्कळदा माहिती अधिकारी तुम्हाला योग्य नस्तीचा क्रमांक स्वतःहून सांगतो.

जनसुनावणीच्या आपल्या उदाहरणासाठी अर्जाचा मजकूर असा होईल:

“प्रति, जन माहिती अधिकारी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, (कार्यालय).
विषय: (प्रकल्पाचे नाव) या प्रकल्पाची दि. (…) रोजी झालेली पर्यावरणविषयक जनसुनावणी.
खालील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात:
१. सुनावणीच्या वृत्तपत्रांतील जाहिराती.
२. पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकन अहवालाच्या कार्यकारी सारांशाची मराठी प्रत, आणि तो ज्या कार्यालयांत लोकांसाठी ठेवण्यास पाठवला त्यांची जावक पत्रे.
३. सुनावणीपूर्वी आलेल्या लेखी हरकती व सूचना, व्यक्तींचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक झाकून.
४. सुनावणीचे स्वाक्षरी झालेले इतिवृत्त आणि ते पुढे पाठवल्याचे पत्र.
५. सुनावणीच्या चित्रीकरणाची प्रत.”

हे पाचच कागद का? कारण १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकन अधिसूचनेत प्रत्येकाचा नियम आहे. जाहिरातीनंतर लोकांना किमान ३० दिवस मिळायला हवेत. सारांश स्थानिक भाषेत हवा. पूर्ण सुनावणीचे चित्रीकरण हवे. इतिवृत्त सुनावणी संपल्यापासून आठ दिवसांत पुढे जायला हवे. म्हणजे जाहिरातीची तारीख, सुनावणीची तारीख आणि जावक पत्राची तारीख या तीन तारखा हाती आल्या की कायदा आणि व्यवहार यांतले अंतर दिवसांत मोजता येते. आणि मराठी सारांश मूळ इंग्रजीशेजारी ठेवून वाचला की काय गाळले, काय सौम्य केले तेही दिसते. माझ्या मते हाच या अभ्यासाचा सर्वांत मोलाचा भाग ठरेल. ज्यांची जमीन जाणार त्यांना समजेल अशा भाषेत कागद गेला नसेल, तर तो गेला असे म्हणायचे तरी कसे?

अनेक कार्यालयांची तुलना करायची असेल तर मजकूर एकच ठेवा आणि सगळे अर्ज एकाच आठवड्यात पाठवा. एका कार्यालयाला दिवाळीत आणि दुसऱ्याला जूनमध्ये अर्ज केला तर उशिराचे कारण सांगता येणार नाही.

प्रत मागण्याआधी नस्ती पाहा

कलम २(जे) प्रमाणे अभिलेख पाहण्याचाही हक्क आहे, आणि अवलोकनाचा पहिला तास विनाशुल्क असतो. महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आदेश काढून जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहण्याची सोय करायला सांगितले. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याच्याही आधीपासून होती. जाताना पेन्सिल, वही आणि कागदाच्या छोट्या पट्ट्या न्या. हव्या त्या पानांना पट्ट्या लावा, पृष्ठ क्रमांकांची यादी करून त्यावर अधिकाऱ्याची सही घ्या आणि तेवढ्याच पानांच्या प्रती मागा. नस्तीत पृष्ठ क्रमांक मधूनच तुटले असतील तर तेही वहीत लिहा. सोबत एक साथीदार असावा.

उत्तर आले नाही, किंवा नकार आला तर

सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची. अर्ज दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर तो पाच दिवसांत तिकडे पाठवण्याचे काम कलम ६(३) नुसार त्यांचे आहे, तुम्हाला परत पाठवण्याचे नाही. मुदत उलटली तर कलम ७(६) प्रमाणे माहिती विनामूल्य द्यावी लागते.

नकाराची काही वाक्ये तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटतील, त्यांना काय उत्तर द्यायचे ते आधीच ठरवा. “माहिती विपुल प्रमाणात आहे” यावर: कलम ७(९) माहिती ज्या स्वरूपात मागितली त्या स्वरूपात न देण्याची सवलत देते, माहितीच नाकारण्याची नाही. अवलोकन मागा. “चौकशी सुरू आहे” यावर: कलम ८(१)(एच) प्रमाणे उघड केल्याने चौकशीत अडथळा कसा येईल ते दाखवावे लागते. केवळ चौकशी चालू असणे पुरेसे नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग नावाच्या अर्जदाराच्या प्रकरणात सांगितले आहे. “अभिलेख आढळून येत नाही” यावर: शोध घेतल्याची नोंद, नस्ती नोंदवहीतील त्या नस्तीचे पान आणि ती नष्ट केली असल्यास त्याचा आदेश मागा. “काही भाग गोपनीय आहे” यावर: कलम १० प्रमाणे तेवढा भाग झाकून उरलेला द्यायचा असतो.

पहिले अपील उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे. महाराष्ट्रात त्याला २० रुपये लागतात. निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत व्हायचा असतो. दुसरे अपील त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, त्याचेही २० रुपये. केंद्राकडे अपिलाला शुल्क नाही. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) ने माहिती अधिकाऱ्यावर टाकली आहे, तुमच्यावर नाही. अपिलात हे वाक्य जरूर लिहा.

इथे विद्यार्थ्याने वेळेचा हिशेब नीट करायला हवा. आयोगाने दुसरे अपील किती दिवसांत निकाली काढावे याला कायद्यात मुदत नाही, आणि प्रतीक्षा लांबते. म्हणून पूर्ण प्रबंध एखाद्या अपिलावर टांगून ठेवू नका. अर्ज पहिल्याच सत्रात करा. अपील चालू द्या, आणि प्रबंध जमा करण्याच्या दिवशी त्याची जी स्थिती असेल ती तशीच लिहा. “अमुक दिनांकाचे दुसरे अपील प्रलंबित” हाही निष्कर्ष आहे.

नोंदवही

एक साधी स्प्रेडशीट पुरते. अर्जाचा दिनांक, कार्यालयाचा आवक क्रमांक, उत्तराचा दिनांक, किती पाने मागितली, किती मिळाली, नकाराचे कलम, नकाराची भाषा जशीच्या तशी, अपिलाचे टप्पे. नकाराचा रकाना सारांशाने भरू नका, पत्रातले शब्द उतरवा. अधिकारी कायद्याचे कलम लिहितो की नुसते “देता येत नाही” म्हणतो, हा फरक नंतर मोजायचा आहे. उशिराचा हिशेब करताना सरासरीबरोबर मध्यकही (क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला आकडा) द्या. एखाददुसऱ्या कार्यालयाने वर्षभर लावले की सरासरी फुगते आणि बाकीच्यांवर अन्याय होतो.

न्यायालय, प्रयोगशाळा आणि कलेचे दालन

न्यायालयाच्या बाबतीत रस्ता वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०१९ रोजी सरन्यायाधीशांचे कार्यालय माहिती अधिकाराच्या कक्षेत असल्याचे सांगितले. पण मार्च २०२० च्या निकालात हेही सांगितले की खटल्याच्या कागदांच्या प्रती उच्च न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनुसार अर्ज करून घ्यायच्या, माहिती अधिकारातून नव्हे. म्हणून प्रशासकीय माहितीसाठी माहिती अधिकार, खटल्याच्या कागदांसाठी नक्कल विभाग. खुल्या न्यायालयाच्या तत्त्वावर लिहिणाऱ्याने १९६६ चा नरेश मिरजकर खटला वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. साक्षीदाराची जबानी छापू नये असा आदेश मुंबई उच्च न्यायालयात झाला, त्यावर पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो आदेश कायम ठेवला. तिथपासून २०१८ मध्ये थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता मिळेपर्यंतचा प्रवास हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.

विज्ञानात पारदर्शकता म्हणजे दुसऱ्याला तोच प्रयोग करून पाहता येणे. २०१५ मध्ये संशोधकांच्या मोठ्या गटाने मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा फक्त ३६ टक्के पुनरावृत्तींत संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष आला. मूळ अभ्यासांत हे प्रमाण ९७ टक्के होते. हाच विषय आपल्याकडे घ्यायचा तर एखाद्या शाखेतल्या मराठी किंवा भारतीय नियतकालिकांचे पाच वर्षांचे अंक घ्या आणि किती लेखांसोबत विदा (डेटा), प्रश्नावली किंवा निधीचा स्रोत दिला आहे ते मोजा. परवानगी कोणाचीच लागत नाही.

कलेकडे पारदर्शकतेचे अभ्यासक सहसा वळत नाहीत. माझे मत असे की तिथे सर्वांत जास्त काम बाकी आहे. महाराष्ट्रात नाटकाचा प्रयोग करण्यापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये या पूर्वपरीक्षणाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. मंडळाने किती संहितांत बदल सुचवले, कोणत्या शब्दांवर, कोणत्या नियमाखाली, हे मोजण्यासारखे आहे. अर्ज करताना एक भान ठेवा: संहिता लेखकाची आहे, तिच्यावर स्वामित्वहक्क आहे, ती मागू नका. बदल सुचवणारे पत्र मंडळाचे आहे, ते मागा. मागे जायचे असेल तर मुंबईला एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतले राज्य अभिलेखागार गाठा. खाडिलकरांच्या कीचकवधावर १९१० मध्ये बंदी आली, तेव्हा हाताशी १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा होता. अशा बंदीपूर्वीचा सरकारी पत्रव्यवहार जुन्या खात्यांच्या दफ्तरांत शोधावा लागतो. तिथे माहिती अधिकाराचा अर्ज नको, संशोधक म्हणून प्रवेशपत्र आणि मार्गदर्शकांचे शिफारसपत्र न्या.

संग्रहालयांचा प्रश्न आणखी वेगळा, वस्तू आली कुठून याचा. कॅनबेरातील राष्ट्रीय कला दालनाने २००८ मध्ये सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलर देऊन एक चोलकालीन नटराज विकत घेतला. ती मूर्ती तामिळनाडूतील श्रीपुरंदन गावच्या देवळातून चोरलेली होती. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहातली जुनी छायाचित्रे समोर आली, विक्रीच्या वेळी दाखवलेला मालकीचा इतिहास कोसळला, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये मूर्ती भारताला परत मिळाली. आपल्या गावातल्या देवळाच्या मूर्तींची छायाचित्रांसह, मापांसह नोंद आहे का, असेल तर कोणाकडे, आणि गावकऱ्यांना ती पाहता येते का? कला इतिहासाच्या विद्यार्थ्याने एका तालुक्यापुरते हे तपासले तरी ते काम पुढे कितीतरी वर्षे उपयोगी पडेल.

खासगी माहिती आणि स्वतःची सुरक्षितता

कलम ८(१)(जे) चा नवा मजकूर वाचल्याशिवाय अर्ज करू नका. पूर्वी वैयक्तिक माहिती रोखताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का ते पाहावे लागे, आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही असे त्यात म्हटले होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ ने हे सगळे काढून “वैयक्तिक माहिती” एवढाच अपवाद ठेवला, आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो लागू झाला. मला हा बदल मोठा धक्का वाटतो, कारण लाभार्थ्यांच्या याद्या, बदल्या, खर्चाच्या देयकांवरची नावे हे सगळे आता या एका शब्दाखाली रोखले जाऊ शकते. तरी कलम ८(२) शिल्लक आहे: सार्वजनिक हित जास्त असेल तर अपवाद असूनही माहिती देता येते. ते हित कोणते हे अर्जात नाही तरी अपिलात दोन ओळींत नेमके लिहा. बदलापूर्वीची आणि नंतरची नकारपत्रे एकत्र केली तर त्यातून उत्तम तुलनात्मक अभ्यास उभा राहील, आणि तो आत्ताच सुरू करायला हवा.

तुमच्या हाती आलेल्या कागदांत सामान्य माणसांची नावे, पत्ते, आजार, जात असे तपशील येतील. पद धारण करणाऱ्याचे नाव निर्णयाशी जोडलेले असेल तेव्हा ठेवा, बाकी सगळे झाका. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता अर्ज पाठवण्याआधी घ्या.

जमीन, वाळू, बांधकाम यांच्या नस्त्या मागणार असाल तर घरच्यांना आणि मार्गदर्शकांना सांगूनच मागा. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींचे गैरव्यवहार माहिती अधिकारातून उघड करत होते, १३ जानेवारी २०१० रोजी त्यांची हत्या झाली. पत्रव्यवहारासाठी घराऐवजी महाविद्यालयाचा किंवा टपाल पेटीचा पत्ता द्या, अर्ज ऑनलाइन करा, मिळालेले कागद त्याच दिवशी स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. कोणी भेटायला बोलावले तर एकटे जाऊ नका. धमकी आली तर लेखी तक्रार करा, आणि गरज वाटली तर विषय बदला. त्यात कमीपणा काहीच नाही.

लिहिताना आणि जमा करताना

प्रबंधातल्या प्रत्येक विधानापुढे नोंदवहीतल्या अर्जाचा क्रमांक द्या. सगळे अर्ज, उत्तरे, नकारपत्रे आणि अपिलांचे आदेश वैयक्तिक तपशील झाकून परिशिष्टात किंवा झेनोडोसारख्या मोफत भांडारात ठेवा. तिथे कायमचा ओळख क्रमांक मिळतो आणि पुढच्या विद्यार्थ्याला तेच अर्ज पुन्हा करावे लागत नाहीत. फाइलला नाव देताना आधी वर्ष-महिना-दिवस, मग कार्यालय, मग अर्ज क्रमांक असा क्रम ठेवा, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते.

ज्या माहिती अधिकाऱ्याने वेळेत आणि पूर्ण माहिती दिली त्याच्या कार्यालयाचा उल्लेखही तितक्याच स्पष्टपणे करा. चांगले काम करणारे कार्यालय इतरांपेक्षा वेगळे काय करते, नस्त्यांची यादी अद्ययावत ठेवते की प्रशिक्षित माणूस नेमते, हे सांगणारे एक उपप्रकरण असावे. सुधारणा सुचवताना तेच सर्वांत जास्त कामाला येते.

प्रबंध इंग्रजीत असेल तर आठ-दहा पानांचा मराठी गोषवारा वेगळा काढा. ज्या गावांच्या सुनावण्यांचे कागद तुम्ही वाचले त्या ग्रामपंचायतींना तो टपालाने पाठवा, सोबत त्या गावाच्या मराठी सारांशाची आणि इतिवृत्ताची प्रत जोडा, आणि पोचपावती घ्या.